गाडीतला वाटाड्या : मुक्त नकाशा कसा निवडावा, कसा वापरावा



ऊस तोडला की घड्याळ सुरू होते. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीवर जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन घटते, साखरेचे विघटन होते आणि उतारा खाली येतो. म्हणून तोडणीपासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असे आम्ही दर हंगामात सांगत आलो आहोत. बेणे, खत, पाणी यांचा अभ्यास आपण पुष्कळ केला. परंतु फडापासून वजनकाट्यापर्यंतच्या रस्त्याचा अभ्यास सहसा कोणी करीत नाही. तो रस्ता ड्रायव्हरच्या डोक्यात असतो. ड्रायव्हर नवा, टोळी परजिल्ह्यातली आणि पाळी रात्रीची, असा योग जुळला की ट्रॅक्टर भलत्याच पाणंदीत शिरतो, ट्रॉली वळत नाही, आणि मग दुसरा ट्रॅक्टर बोलावून ओढून काढावी लागते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच ऊसदरातून वजा होतो, हे सभासदांना सांगायला नको.

गेल्या काही दिवसांत तरुण सभासद गट कार्यालयात येऊन विचारतात, "साहेब, ट्रॅक्टरवर किंवा जीपमध्ये टॅब बसवायचाय. रेंज नसली तरी रस्ता दाखवील आणि पैसे पडणार नाहीत असा प्रोग्रॅम कोणता?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर एका नावात देता येईल. पण 'फुकट ते पौष्टिक' एवढ्यावर भागत नाही. म्हणून हा पाठ. पाठाला उदाहरण म्हणून आम्ही आपल्या सभासदांचा वसई-विरारचा अभ्यास दौरा घेतला आहे. त्या भागात रस्त्याच्या सगळ्या अडचणी एकाच ठिकाणी सापडतात. तिथे जमले तर आपल्या शिवारात जमायला अडचण नाही.

१. 'मुक्त' म्हणजे काय?

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. उसाच्या उदाहरणाने पाहू. को ८६०३२ चे चांगले बेणे आपण शेजाऱ्याच्या मळ्यातून आणतो, लावतो, पुढच्या वर्षी आपल्या मळ्यातले तिसऱ्याला देतो. कोणाची परवानगी लागत नाही. संकरित मक्याच्या बंद पाकिटाचे तसे नाही. दर साल दुकानात जावे लागते आणि पाकिटात काय मिसळले ते कंपनीला ठाऊक. एखाद्या वर्षी कंपनीने पाकीट फुकट वाटले तरी त्याने ते बेणे होत नाही.

सॉफ्टवेअरचे असेच आहे. मुक्त सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, ते आतून कसे चालते ते पाहावे, आपल्या गरजेप्रमाणे बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे, अशी चार प्रकारची मोकळीक असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ही चळवळ सुरू केली. मोबाईलवर नेहमी दिसणारा प्रसिद्ध कंपनीचा नकाशा आपल्याला फुकट मिळतो, पण तो मुक्त नाही. त्यात आपल्या पाणंदीचा रस्ता घालावा की न घालावा हे कंपनी ठरविते. आपण फार तर सुचवू शकतो.

२. गव्हाण आणि ऊस

दुसरी गोष्ट. नकाशा वेगळा आणि वाट शोधणारे सॉफ्टवेअर वेगळे. सॉफ्टवेअर म्हणजे गव्हाण. नकाशाची माहिती म्हणजे ऊस. ऊसच नसेल तर गव्हाण कितीही मोठी असून उपयोग काय? पूर्वी हीच अडचण होती. अमेरिकेच्या जनगणना खात्याने तेथील रस्त्यांची माहिती सर्वांना मोकळी करून दिली असल्यामुळे तिकडच्या हौशी मंडळींनी मोटारीतल्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिले. ते आपल्याकडे आणून काही फायदा नव्हता, कारण आपल्या रस्त्यांची मोकळी माहितीच नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे काम ओपनस्ट्रीटमॅप या उपक्रमाने हाती घेतले. इंग्लंडमधील स्टीव्ह कोस्ट यांनी तो २००४ साली सुरू केला. तिथे सरकारी नकाशाची माहिती महाग पडत असे, म्हणून लोकांनी स्वतःच फिरून रस्ते नोंदवायचे, अशी ही कल्पना. आज जगभरचे लोक त्यात भर घालतात आणि नाममात्रसुद्धा शुल्क न देता तो नकाशा वापरतात. थोडक्यात, ही नकाशाची सहकारी संस्थाच आहे. भागभांडवल पैशाचे नसून माहितीचे असते, एवढाच फरक. आणि सहकारातला नियम इथेही लागू पडतो : सभासदांनी ऊस घातला नाही तर कारखाना चालत नाही. ज्या गावच्या लोकांनी रस्ते नोंदवले तिथला नकाशा भरगच्च. ज्यांनी नोंदवले नाहीत तिथे एक मुख्य रस्ता आणि बाकी पांढरा कागद.

आपल्या देशात नकाशे करण्यावर पूर्वी बरीच बंधने होती. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय नागरिकांसाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक ठिकाणांच्या नोंदीबाबतचे निर्बंध मात्र कायम आहेत, हे ध्यानात ठेवावे.

३. वाट कशी सापडते?

गाडी कुठे उभी आहे हे उपग्रहांवरून कळते. उपग्रह सतत वेळेचा इशारा पाठवितात. निदान चार उपग्रहांचे इशारे मिळाले की टॅबमधला ग्राहक आपले ठिकाण काढतो. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेच्या नागरी इशाऱ्यात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, तेव्हापासून हे साधन मोटारीच्या कामाचे झाले. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून उपग्रह सोडून 'नाविक' यंत्रणा उभारली. या कामाला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घेताना. एकदा घरी नकाशा भरून घेतला की फडात रेंज असो वा नसो.

आता वाट. डच गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली रीत आजही या कामाच्या मुळाशी आहे. ती आपल्याला पाण्यावरून समजेल. चारीच्या तोंडाशी पाणी सोडले, ते सगळ्या पाटांतून एकदम धावू लागले. आपल्या वाफ्यात ज्या पाटाने पाणी सर्वांत आधी पोचले तो सर्वांत जलद मार्ग. संगणक असेच 'पाणी' नकाशावरच्या रस्त्यांत सोडतो. प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्यावरचा वेग त्याला ठाऊक असतो. पाट मध्येच फुटलेला असेल, म्हणजे नकाशात दोन रस्ते जोडायचे राहिले असतील, तर पाणी तिथेच थांबते आणि संगणक दहा किलोमीटरचा वळसा सांगतो.

सर्वांत जवळचा आणि सर्वांत जलद हे दोन वेगळे मार्ग असू शकतात. समजा, फडापासून कारखान्याला डांबरी रस्त्याने १६ किलोमीटर आणि कालव्याच्या कडेने ११ किलोमीटर पडतात. भरलेला ट्रॅक्टर डांबरीवर ताशी २४ किलोमीटरने चालला तर ४० मिनिटे. कालव्याकडेने ताशी १२ ने चालला तर ५५ मिनिटे. लांबचा रस्ता पंधरा मिनिटे आधी पोचवितो. म्हणून सॉफ्टवेअरला आधी वाहन कोणते ते सांगावे लागते. मोटारसायकलसाठी काढलेली वाट दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला लावू नये.

४. काय निवडावे?

गाडीतल्या संगणकासाठी आज तीन मार्ग आहेत.

(अ) मोबाईल किंवा टॅब. बहुतेक सभासदांना हाच सोयीचा. यात दोन नावे लक्षात ठेवावीत. पहिले ऑरगॅनिक मॅप्स. हे साधे आणि हलके आहे, जुन्या फोनवरही बरे चालते, जाहिराती नाहीत. ज्या मोटारीत अँड्रॉइड ऑटोचा पडदा आहे तिथे पडद्यावरही दिसते. दुसरे ऑसमअँड. हे शिकायला थोडे अवघड, पण कामाला दणकट. यात मालट्रकसाठी वेगळी निवड आहे. वाहनाची उंची, रुंदी, वजन भरता येते आणि आपण गेलेल्या वाटेची नोंद ठेवता येते. वाहतुकीच्या कामाला आम्ही ऑसमअँड सुचवितो. दौऱ्याला, लग्नकार्याला जायला ऑरगॅनिक मॅप्स पुरते.

(ब) गाडीत बसविलेला स्वतंत्र संगणक. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा हाताएवढा संगणक, त्याला यूएसबीचा जीपीएस ग्राहक आणि पडदा जोडायचा, आणि लिनक्सवर नॅव्हिट हे सॉफ्टवेअर घालायचे. नॅव्हिट मुळात मोटारीसाठीच लिहिलेले आहे आणि त्याचे सर्व काम इंटरनेटशिवाय चालते. पण त्याची मांडणी एका लांबलचक फाईलमध्ये हाताने दुरुस्त करावी लागते. ज्याच्या घरी संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्यानेच या वाटेला जावे.

(क) कार्यालयातले नियोजन. दौरा किंवा वाहतूक निघण्यापूर्वी मोठ्या पडद्यावर मार्ग आखण्यासाठी जर्मनीतील हायडेलबर्ग येथील ओपनरूटसर्व्हिस उपयोगी आहे. त्यात अवजड वाहनाचा मार्ग वेगळा निघतो. ओएसआरएम, ग्राफहॉपर आणि वॅलहाला ही याच जातीची इंजिने आहेत. ती स्वतःच्या संगणकावर बसविता येतात. अनेक गाड्या, अनेक फड आणि एक काटा असे गणित सोडवायला व्रूम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते मात्र एकट्या सभासदाचे काम नव्हे, कारखान्याच्या संगणक विभागाचे.

निवडताना पुढील पाच गोष्टी तपासाव्यात :

१) शेवटची सुधारित आवृत्ती केव्हा निघाली? वर्षानुवर्षे नवी आवृत्ती नसेल तर ते सॉफ्टवेअर खोडव्यावर खोडवा ठेवलेल्या उसासारखे समजावे. दिसते हिरवे, हाती काही लागत नाही.
२) विमान-अवस्था चालू करून, म्हणजे सगळे नेटवर्क बंद करून, ते वाट काढते का?
३) आपल्या वाहनाची निवड त्यात आहे का?
४) महाराष्ट्राचा नकाशा वेगळा उतरवता येतो का? सगळ्या देशाचा भरला तर टॅबमधली जागा संपते.
५) सर्वांत महत्त्वाचे : आपल्याला तोंडपाठ असलेल्या रस्त्यावर ते काय सांगते? घरापासून कारखान्यापर्यंतची वाट विचारून पाहावी. जे सॉफ्टवेअर ओळखीच्या रस्त्यावर चुकते त्याच्या भरवशावर अनोळखी मुलखात जाऊ नये.

ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन्ही नेहमीच्या ॲप दुकानात मिळतात, तसेच एफ-ड्रॉइड या केवळ मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारातही मिळतात. कोणी पेन ड्राइव्हवर 'जुगाड' करून दिलेले घेऊ नये.

५. नमुना अभ्यास : वसई-विरारचा दौरा

वसईला काय पाहायचे, असे कोणी विचारील. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीत केळीबरोबर उसाचाही उल्लेख आहे. आज तिथे ऊस उरला नाही. पण विहिरीच्या पाण्यावरची वाडी, केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला यांची परंपरा शहराच्या रेट्यातही काही गावांनी टिकविली आहे. आगाशीची राजेळी केळ्याची सुकेळी प्रसिद्ध आहे. केळे उन्हात वाळवून, पानात बांधून टिकाऊ माल करायचा ही प्रक्रिया आपल्याकडच्या केळी-उत्पादकांनी पाहण्यासारखी आहे. शिवाय चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेला वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा प्राचीन स्तूप आहेच.

आता दौरा आखू. आपली बस नाशिककडून येणार असे धरा. घाट उतरण्याचे दोन रस्ते. एक जुना कसारा घाटाचा, दुसरा समृद्धी महामार्गाचा. समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यापूर्वी उतरवून ठेवलेला नकाशा टॅबमध्ये असेल तर हा रस्ता त्याला चालू दिसणारच नाही. म्हणून पहिला धडा : निघण्याच्या आदल्या दिवशी नकाशा ताजा करावा. आणि त्याच महामार्गावर ट्रॅक्टरला व दुचाकीला बंदी आहे, म्हणजे वाहनाची निवड चुकली तर वाटही चुकीचीच मिळणार.

भिवंडीपासून वसई-विरारला तीन वाटा फुटतात. पहिली अंजूरफाटा, कामण, चिंचोटीवरून राष्ट्रीय महामार्ग ४८ ला. दुसरी ठाणे, घोडबंदर रस्त्याने वसईच्या खाडीवरच्या पुलावरून. तिसरी भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडी नाक्यावर येऊन वज्रेश्वरी, पारोळमार्गे शिरसाड फाट्याला. नकाशावर पहिली वाट सर्वांत सरळ दिसते. पण नकाशाला खड्डे दिसत नाहीत, आणि या रस्त्याची अवस्था वारंवार खराब होते. दुसऱ्या वाटेवर खाडीपुलापाशी कोंडी ठरलेली. २०२३ मध्ये जुन्या पुलाशेजारी नवा पूल खुला झाला तरी ती अजून पूर्ण सुटलेली नाही. शिवाय घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांना वेळेची बंधने पोलीस वेळोवेळी घालतात. तिसरी लांब, पण विरार बाजूला जायचे असेल तर विचारात घ्यावी अशी. सॉफ्टवेअरने यातली एक काढून दिली म्हणून बाकीच्या दोन पुसून टाकू नयेत. तिन्ही वाटा टॅबमध्ये जतन करून ठेवाव्यात आणि भिवंडीला चहा घेताना तिकडून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारावे. मुक्त नकाशांना थेट गर्दी कळत नाही, ही त्यांची मोठी उणीव आहे. ती माणसाला विचारूनच भरून काढावी लागते.

दुसरा धडा नावांचा. 'अंबाडी' असे टंकले तर एक अंबाडी भिवंडी तालुक्यात वाडा रस्त्यावर आहे आणि 'अंबाडी रोड' वसई स्टेशनच्या पश्चिमेला आहे. दोन्हींत कित्येक किलोमीटरचे अंतर. तसेच 'वसई रोड' म्हणजे रेल्वे स्टेशन. किल्ल्याचे जुने वसई गाव तिथून पुढे पश्चिमेला. नुसते गावाचे नाव घालून 'चला' म्हणू नये. आधी नकाशावर बोट ठेवून ठिकाण बरोबर आहे का ते पाहावे, त्या ठिकाणाला आपले नाव देऊन जतन करावे, मग वाट मागावी.

तिसरा धडा आडव्या रेषांचा. पश्चिम रेल्वेने या शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग केले आहेत. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसणारे ठिकाण रुळांच्या पलीकडे असेल तर मोटारीला उड्डाणपुलावरूनच जावे लागते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा नदी. खाडीवर नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू बेट आहे. त्यावरून रेल्वेचे पूल जातात, पण मोटाररस्ता नाही. नुसत्या सरळ रेषेने अंतर मोजणारा इथे हमखास फसतो.

चौथा धडा पाण्यावरच्या रस्त्याचा. भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. विरारचे मारंबळपाडा आणि पलीकडचे जलसार यांच्यामध्येही एप्रिल २०२५ पासून अशी सेवा सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा पडतो तिथे पाण्यावरचे अंतर दोन किलोमीटरसुद्धा नाही. वसई बघून पुढे कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला जायचे असेल तर जलसारची बोट मोहात पाडील. सॉफ्टवेअरला बोट म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा वाटतो. पण बोटीची वेळ काय, भरतीओहोटीने किंवा पावसाळ्याने ती बंद आहे का, आपली बस तिच्यावर चढते का, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून मोठी बस असेल तेव्हा मांडणीत 'बोटमार्ग टाळा' ही खूण करावी. जीप असेल आणि चौकशी झालेली असेल तरच ती काढावी.

पाचवा धडा पावसाचा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून रेल्वे बंद पडली आणि वसई-विरारच्या अनेक वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या. सखल भागातले रस्ते दर मोठ्या पावसात बुडतात. नकाशात तो रस्ता तसाच पिवळाधमक दिसत राहतो. पाण्याखालचा रस्ता नकाशाच्या भरवशावर पार करू नये. हे आपल्या ओढ्यावरच्या फरशी पुलालाही तितकेच लागू आहे.

सहावा धडा अरुंदपणाचा. आगाशी, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल या बागायती पट्ट्यात वाडीच्या कुंपणामधून जाणारे रस्ते मोटारीपुरते आहेत. पन्नास आसनी बस आत घालू नये. रुंदीची नोंद प्रत्येक रस्त्याला असतेच असे नाही. मोठी बस मुख्य रस्त्यावर उभी करून पुढे पायी जावे. शेती पायीच नीट दिसते.

६. हेच आपल्या शिवारात

हे सहा धडे घेऊन घरी आल्यावर आपल्या भागाचा मुक्त नकाशा उघडून पाहावा. वसई-विरारसारख्या शहरी भागात पुष्कळ रस्ते नोंदलेले असतात. आपल्या शिवारात मात्र पाणंदी, कालव्याचे सेवामार्ग आणि वस्त्यांचे रस्ते बऱ्याच ठिकाणी नसतात. मग ट्रॅक्टरला वाट कशी मिळणार? त्या आपल्यालाच घालाव्या लागतील. दुसरा कोणी येऊन घालणार नाही.

यात किती पैसा आहे ते पाहा. समजा, नवा ड्रायव्हर ४ किलोमीटरचा वळसा घालून येतो. जाऊन-येऊन ८ किलोमीटर. दिवसाला दोन खेपा धरल्या तर १६ किलोमीटर. हंगाम १२० दिवसांचा धरला तर १,९२० किलोमीटर. ट्रॅक्टर लिटरला ३ किलोमीटर चालतो असे धरले तर ६४० लिटर डिझेल एका ट्रॅक्टरमागे धुरात गेले. आकडे आपापल्या गाडीचे घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा. वेळ वाया जातो आणि ऊस वाळतो तो वेगळाच.

नोंद करण्याची रीत अशी :

१) ऑसमअँडमध्ये 'वाटेची नोंद' सुरू करून मोटारसायकलवरून संपूर्ण पाणंद एकदा फिरावी. फिरलेल्या वाटेची रेष जतन होते.
२) वहीत टिपण ठेवावे : रस्ता डांबरी, मुरमाचा की मातीचा, बारमाही की फक्त उघाडीचा, फरशी पूल कुठे, कमानीची किंवा विजेच्या तारेची उंची किती, भरलेली ट्रॉली कुठे वळते, कुठे वळत नाही.
३) घरी संगणकावर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आपले खाते उघडून ती रेष ठेवावी आणि रस्ता आखावा. दोन रस्त्यांची टोके एकमेकांना जोडावीत. जोडली नाहीत तर पाट फुटला म्हणून समजा.
४) ज्यांना संगणक नको त्यांच्यासाठी स्ट्रीटकम्प्लीट हे मोबाईलचे ॲप आहे. रस्त्याचा पृष्ठभाग कसा, नाव काय, असे साधे प्रश्न ते विचारते आणि आपण उत्तर द्यायचे.
५) कंपनीच्या नकाशावरून पाहून उतरवू नये. तो परक्याच्या मळ्यातला ऊस आहे. आपण स्वतः फिरून पाहिले तेच घालावे.
६) कोणाच्या खाजगी घराचे नाव, मोबाईल नंबर, विहीर-मोटारीची माहिती घालू नये. गावाने वहिवाटलेला रस्ताच घालावा. ज्या वाटेवरून भाऊबंदकीचा वाद चालू आहे ती नकाशात घालून वाद वाढवू नये.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे स्पष्ट बोलतो. मोकळ्या आभाळाखाली मोबाईलचे ठिकाण साधारण पाच मीटर इकडे-तिकडे असू शकते. झाडाखाली त्याहून जास्त. एवढ्या फरकात आपला बांध अख्खाच्या अख्खा शेजाऱ्याच्या रानात जातो. तेव्हा "मोबाईलमध्ये बघ, बांध इथे आहे" असे म्हणून कोणी भांडायला उठू नये. बांधाची मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच. नकाशावर काढलेली रेष हा वहिवाटीचा पुरावाही नाही.

७. सभासदांच्या शंका

शंका : टॅब किती दिवस टिकतो?
उत्तर : उन्हाने आणि धक्क्याने तो खराब होतो. काचेसमोर उघड्यावर न ठेवता सावलीत, रबरी पकडीत बसवावा. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची, पण मालट्रकची बहुधा २४ व्होल्टची असते. चार्जरवर '१२/२४' असे लिहिलेले पाहूनच घ्यावा.

शंका : गाडी चालवताना मोबाईल पाहिला तर दंड होतो ना?
उत्तर : २०२० साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन केवळ मार्ग पाहण्यासाठी, ड्रायव्हरचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, साधन वापरण्यास मुभा मिळाली. हातात धरून बोलण्यास नाही. आमचे सांगणे असे की वाट निघण्यापूर्वीच लावावी आणि पुढे आवाज ऐकावा. बदल करायचा तर गाडी बाजूला उभी करावी. ट्रॉलीमागे आपल्याच गावची पोरे सायकलवर असतात.

शंका : रस्ता घातला आणि दुसऱ्याने बिघडवला तर?
उत्तर : कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद नकाशात राहते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. सभेचे इतिवृत्त असते तसेच.

शंका : जुने जाणते ड्रायव्हर असताना हे हवेच कशाला?
उत्तर : त्यांच्यामुळेच हवे. तीस वर्षे ज्यांनी रात्री-बेरात्री गाड्या आणल्या त्यांना कुठला ओढा कार्तिकात उतरतो, कुठल्या वळणावर मागची ट्रॉली घसरते, हे सगळे ठाऊक आहे. ते घरी बसले की ती माहितीही घरी बसते. त्यांना शेजारी बसवून एकदा शिवार फिरावे आणि ते सांगतील तसे टिपून घ्यावे. सॉफ्टवेअर परदेशातून आले तरी त्यात भरायचा ऊस आपल्याच माणसांकडे आहे.

८. काय करावे?

पावसाळ्यात मातीचे रस्ते बंद असतात, तेव्हा कोणते कोणते बंद पडतात ते टिपावे. दसऱ्याच्या आसपास उघाड पडली की पाणंदी फिरून घ्याव्यात. गळीत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटातून दोन-दोन तरुणांनी आपापल्या गावचे रस्ते मुक्त नकाशात घातले, तर बाहेरून येणाऱ्या ट्रॅक्टर-ड्रायव्हरला पहिल्या रात्रीपासून वाट मिळेल आणि फडातला ऊस वेळेत काट्यावर येईल. ज्यांना रीत समजून घ्यायची आहे त्यांनी आपला मोबाईल पूर्ण चार्ज करून, वही-पेन्सिल घेऊन गट कार्यालयात यावे. येताना आपल्या गावच्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरलाही सोबत आणावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग